हळदीतले दोन पिवळे



वावरात हळदीचा पाला सुकून खाली बसला आहे. पंधरा दिवसांत काढणी लागेल. अशात पुतणीनं फोनवर आलेला एक मेसेज दाखवला. रोज सकाळी हळदीचं पाणी प्या, अंगातलं शिसं, पारा, सगळे जड धातू लघवीवाटे निघून जातात, सूज उतरते, असं त्यात लिहून होतं. पोरगी फार्मसीला आहे. म्हणाली, "काका, तुम्ही वीस वर्षांपासून हळद लावून राहिले. हे खरं आहे का?"

मी म्हटलं, "अर्धं खरं आहे. अन् अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणारे आपल्याकडे कमी नाहीत."

उरलेलं अर्धं काय, म्हणून ती अडून बसली. तिला सांगता सांगता माझ्याच एका जुन्या चुकीपर्यंत येऊन थांबलो. ती गोष्ट आजवर कोणाला सांगितली नव्हती. आता लिहूनच काढतो. नोंद लांब आहे, चहा घेऊन बसा.

हळद विष मारते, ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधांचे दहा-दहाचे गट पाडले आहेत. त्यातला एक गट विषघ्न, म्हणजे विष मारणाऱ्या वनस्पतींचा. त्यात पहिलं नाव हरिद्रेचं, म्हणजे हळदीचं. पण त्या वेळचं विष म्हणजे मुख्यतः साप, विंचू, किडे, विषारी मुळ्या. आपल्या घरांतही तेच चालत आलं. खुरपं लागलं, दाब हळद. पाय मुरगळला, लाव हळदीचा गरम लेप. घसा बसला, पी हळदीचं दूध. सूज आणि जखम, हे हळदीचं घरचं काम. शिशाशी तिची गाठ फार नंतर पडली.

ती कशी पडली, त्यासाठी दोनशे वर्षांमागच्या पॅरिस शहरात जावं लागते.

१८१५ साली फोगेल आणि पेलेतिए या दोघा रसायनवाल्यांनी हळदीतून तिचा पिवळा भाग वेगळा काढला. त्याला नाव पडलं कुर्क्युमिन. त्याची नेमकी घडण कळायला १९१० साल उजाडलं. ती मिलोबेंड्झका, कोस्तानेत्स्की आणि लांपे यांनी मांडली. दोन बाजूंना दोन कडी, मधात साखळी, आणि साखळीच्या मध्यावर ऑक्सिजनचे दोन अणू जवळजवळ. हे दोन अणू सांडशीच्या दोन टोकांसारखे काम करतात. समोर धातूचा कण आला की त्याला धरतात. हळद शिसं पकडते हे जे म्हणतात, त्याचं मूळ या सांडशीत आहे.

आता गंमत पाहा. याच पॅरिसमध्ये, त्याच काळात, दुसरा एक पिवळा जन्माला आला. व्होक्लँ नावाच्या रसायनवाल्यानं १७९७ साली सायबेरियातून आलेल्या एका लाल दगडात नवीन धातू शोधला. तो क्रोमियम. तो दगड म्हणजे निसर्गात तयार झालेलं लेड क्रोमेट, शिसं आणि क्रोमियम एकत्र. पुढच्या काही वर्षांत तेच लेड क्रोमेट कारखान्यात तयार व्हायला लागलं आणि क्रोम यलो नावानं विकू लागलं. झगझगीत पिवळं, स्वस्त, उन्हातान्हात चटकन न उडणारं. चित्राला, भिंतीला, गाड्यांना लागलं. हळदीचा पिवळा मात्र उन्हात उडतो, हे हळद लागलेला कपडा दोरीवर टाकणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

एक पिवळा शिसं धरणारा, दुसरा पिवळा शिशाचाच. वीस वर्षांच्या आत, एकाच शहरात हे दोन्ही कागदावर आले. पुढे ते दोघं एकमेकांना भेटले आपल्याकडच्या हळदीच्या ढोलात. पण ते नंतर सांगतो.

पहिल्या पिवळ्याचा अभ्यास आपल्याच देशात चांगला झाला. १९७३ साली लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतले श्रीमल आणि धवन यांनी उंदरांच्या पायाला मुद्दाम सूज आणून कुर्क्युमिन दिलं आणि सूज उतरते हे मोजून दाखवलं. १९८० साली देवधर, सेठी आणि श्रीमल यांनी संधिवाताच्या रुग्णांना ते देऊन पाहिलं. १९८६ साली सातोस्कर, शहा आणि शेणॉय यांनी हर्निया आणि हायड्रोसीलचं ऑपरेशन झालेल्या माणसांवर तपासलं आणि ऑपरेशननंतरची सूज कमी झाल्याचं मांडलं. आजीच्या लेपाला असा प्रयोगशाळेचा आधार मिळाला.

मग आला पेटंटचा झगडा. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेनं हळदीनं जखम भरून काढण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देऊन टाकलं. ज्यांच्या नावावर शोध होता ते दोघं मूळचे आपल्याकडचेच. तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत गरिबीत शिकलेले. परिषदेनं १९९६ साली दावा लावला. हे आमच्या घराघरांत आहे, एवढं म्हणून अमेरिकेत भागत नव्हतं, छापील पुरावा पाहिजे होता. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले आणि १९५३ च्या इंडियन मेडिकल असोसिएशनच्या मासिकातले असे ३२ पुरावे दिले. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटचे सगळे दावे फेटाळले गेले. तेव्हा मी पंचविशीत होतो. पेपरातली ती बातमी कापून घरी फडताळाच्या दारावर चिकटवली होती. हळद आपली आहे, असं फार वाटलं होतं.

आता धातूंकडे येऊ. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा हे अंगात गेले की पेशींवर एक प्रकारे गंज चढवतात आणि आतून दाह सुरू करतात. शिसं तर लबाडच. ते कॅल्शियमचं सोंग घेऊन हाडांत जाऊन बसते आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं रक्तात सोडते. लहान लेकरांच्या मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त मार. इतकं शिसं चालते अशी सुरक्षित मर्यादाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते.

अशा वेळी कुर्क्युमिन दोन कामं करते. एक, सांडशीनं धातू धरणं. दोन, तो गंज आणि दाह कमी करणं. उंदरांना शिसं किंवा आर्सेनिक देऊन सोबत कुर्क्युमिन दिलं तर यकृत, किडनी, मेंदूचं नुकसान कमी होते, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलं. माणसांवरही थोडं काम झालं. पश्चिम बंगालमध्ये विहिरी-बोअरच्या पाण्यात आर्सेनिक आहे. कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या लोकांनी ते पाणी पिणाऱ्या गावकऱ्यांना तीन महिने कुर्क्युमिन दिलं, सोबत मिऱ्याचा अर्क. रक्तातल्या पेशींच्या डीएनएचं नुकसान कमी झालं, असं त्यांनी २०१० साली छापलं.

मेसेजमधलं अर्धं खरं ते हे.

आता हिशोब करू. साध्या हळदीत कुर्क्युमिन साधारण ३ टक्के. एक चमचा हळद ३ ग्रॅम धरा. म्हणजे कुर्क्युमिन ९० मिलिग्रॅम. आपण दिवसभरात भाजी-वरणातून इतकीही खात नाही. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये चांगल्या धडधाकट माणसांना एकदम २ ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम कुर्क्युमिन दिलं. तरी रक्तात ते नावालाच सापडलं. मिऱ्यातलं पायपेरिन सोबत दिलं तेव्हा वीस पट वाढलं. पण जवळजवळ शून्याचं वीस पट किती होणार, हे तुम्हीच सांगा. २०१७ साली अमेरिकेतल्या काही औषध-रसायनवाल्यांनी तोवरचा सगळा अभ्यास चाळला. माणसांवर १२० च्या वर चाचण्या होऊनही त्यांना कुर्क्युमिन पक्कं औषध ठरलेलं दिसलं नाही.

आणखी एक गोष्ट. सांडशीला शिसं अन् लोह यातला फरक कळत नाही. कुर्क्युमिन लोहही धरते. खूप जास्त प्रमाणात दिलं तर उंदरांच्या अंगातलं लोह कमी झालेलं दिसलं आहे. आपल्याकडे किती बायामुलींना रक्त कमी असते ते घरोघरी ठाऊक आहे. आणि अंगात लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जाते. म्हणजे शिसं काढायच्या नादात कुर्क्युमिनच्या भारी गोळ्या खायच्या अन् शिशाचीच वाट मोकळी करायची, असा उलटा धंदा होऊ शकते. इटलीत २०१९ साली हळदीच्या गोळ्या खाऊन यकृताला सूज आलेले रुग्ण सापडले होते. भाजीतल्या हळदीचं हे भ्या नाही. गोळ्यांचं आहे. पी हळद अन् हो गोरी, असं काही होत नसते.

आता दुसऱ्या पिवळ्याची गोष्ट.

बांगलादेशात १९८८ साली मोठा पूर आला. हळद भिजली, काळपट पडली. काळ्या हळदीला गिऱ्हाईक नाही. तेव्हा घोटणाऱ्यांनी तिच्यावर लेड क्रोमेट चढवणं सुरू केलं. तिकडे त्याला पेउरी म्हणतात. आपल्याकडे चुन्यात कालवून भिंतीला लावायची पिवळी माती असते, तिला आपण पिवडी म्हणतो. दोन्ही शब्द ऐकायला सारखेच. पूर ओसरला, हळद पुन्हा चांगली यायला लागली, पण पेउरी काही गेली नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्याला तोच झगझगीत रंग सवयीचा झाला. पुढे गरोदर बायांच्या रक्तात शिसं सापडू लागलं. ते आलं कुठून हे शोधताना स्टॅनफोर्ड विद्यापीठ आणि ढाक्याच्या संशोधकांनी रक्तातलं शिसं अन् हळदीतलं शिसं ताडून पाहिलं. ते जुळलं. हे छापून आलं २०१९ साली. ज्या हळदीला आपण विषघ्न म्हणतो, तिच्याच वाटेनं विष पोटात जात होतं.

त्यानंतर तिथल्या सरकारनं काय केलं ते वाचण्यासारखं आहे. धाड टाकली, व्यापाऱ्यांना दंड केला, बाजारात पत्रकं लावली, टीव्ही-पेपरात सांगितलं. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं. २०२१ मध्ये शून्य. हळद गिरण्यांत काम करणाऱ्या मजुरांच्या रक्तातलं शिसंही साधारण ३० टक्क्यांनी उतरलं. कोणाला कुर्क्युमिनची गोळी द्यावी लागली नाही. शिसं टाकणं बंद केलं, एवढंच.

आपण मोकळे आहोत असं समजू नका. लेड क्रोमेट आपल्याकडे हळदीत चालत नाही. पहिले १९५४ चा भेसळ कायदा होता, आता २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आहे. शिशाची मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे अख्ख्या क्विंटलमध्ये एक ग्रॅम. पण २०२४ साली छापलेल्या पाहणीत भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका अशा देशांतल्या २३ शहरांतून ३५६ नमुने तपासले. १४ टक्क्यांत शिसं जास्त निघालं. पाटणा, गुवाहाटी यांसारख्या ठिकाणी काही नमुन्यांत किलोमागे १००० मिलिग्रॅमच्या वर होतं. म्हणजे एका किलोत एक ग्रॅम. कायदा क्विंटलमध्ये जेवढं चालवून घेते, तेवढं एका किलोत. मातीतून कंदात थोडंफार शिसं येऊ शकते, पण इतकं येत नाही. ते वरून टाकलेलं असते.

आता माझी गोष्ट.

२०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या विदर्भात गारपीट झाली ते आठवत असेल. माझी अर्ध्या एकराची हळद शिजवून वावरातच वाळत टाकली होती. ताडपत्री पुरली नाही. तीन दिवस भिजली. वाळली तेव्हा रंग मेलेला. व्यापाऱ्याचा माणूस आला, दोन हळकुंडं मोडून पाहिली अन् म्हणाला, "भाऊ, आतून माल चांगला हाय. वरून फिक्का दिसून राहिला. ढोलात थोडी पिवडी सोडा, उठून दिसते. सगळेच सोडतात." जाताना पुडी देऊन गेला.

सोसायटीचं कर्ज होतं, सोयाबीन आधीच गेलं होतं. ढोल फिरवताना मी पुडी सोडली. पंधरा मिनिटांत हळद अशी उजळली की पोट्टे पाहायला आले. क्विंटलमागे भाव वाढून मिळाला. कर्जाचा हप्ता गेला.

पण पुडी सोडायच्या आधी मायनं घरच्यासाठी दोन पायल्या हळद बाजूला काढली होती. ती म्हणाली, "बापू, हे घरच्यात नको टाकू." मी टाकली नाही. काऊन टाकली नाही? मला लेड क्रोमेट हे नावही तेव्हा माहीत नव्हतं. पण मन ओळखून होतं. ती पुडी नेमकी कशाची होती, ते आता तपासता येत नाही. पण जी वस्तू आपण आपल्या लेकरांच्या वरणात टाकत नाही, ती दुसऱ्याच्या लेकरांच्या वरणात गेली, एवढं तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. फडताळावरचं पेटंटचं ते कात्रण तेव्हाही तिथंच होतं.

त्यानंतर मी पुन्हा कधी पुडी घेतली नाही. भाव कमी घेतला.

आमचं पिपरी मेघे आता वर्धा शहराला पुरतं चिकटलं आहे. वावरं जाऊन प्लॉट पडून राहिले. इथून जवळच मगनवाडी. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, त्याचं काम तिथून चालायचं. जे. सी. कुमारप्पा ते सांभाळत. त्या लोकांनी एक मोठी मोहीम चालवली होती, पॉलिशच्या तांदळाविरुद्ध. गिरणीत घासून पांढराशुभ्र केलेल्या तांदळाचा कोंडा जातो, कस जातो, म्हणून हातसडीचा खा, असं ते सांगत. लोक म्हणत, तो लाल दिसतो. नव्वद वर्षांमागे तांदळाचं जे झालं तेच आज हळदीचं होऊन राहिलं. खाणारा डोळ्यानं विकत घेते, विकणारा डोळ्यासाठी घासते. तांदळात निदान कस जात होता. हळदीत तर विष येते.

आणि आपल्या जिल्ह्याला हे शोभत नाही. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद २०१६ साली भौगोलिक मानांकन घेऊन आली. (वर्ध्याजवळच्या निपाणीच्या वायगावात नका जाऊ, हळद्याचं वायगाव वेगळं.) तिच्यात कुर्क्युमिन ६ टक्क्यांच्या वर भरते, साध्या हळदीच्या दुप्पट. रंग तिचा आतूनच गडद. अशी हळद पिकवणाऱ्या जिल्ह्यात बाहेरून रंग चढवायची गरजच काय?

तेव्हा मंडळी, मला जे समजलं ते असं.

हळद पिकवणाऱ्यांसाठी: वाळवताना ताडपत्री जास्तीची ठेवा, वाळवण सिमेंटच्या खळ्यावर किंवा चटईवर करा, कच्च्या मातीवर नको. ढोलात रंग पाहिजेच असला तर हळदीचीच पूड शिंपडा. कोणी पुडी देत असेल तर तीत काय आहे ते विचारा. सांगत नसेल तर परत द्या. पुडी उधळणारा मजूर आधी ती श्वासातून घेते, हेही ध्यानात असू द्या.

घेणाऱ्यांसाठी: झगझगीत पिवळी, गुळगुळीत हळकुंडं पाहून भुलू नका. थोडी खरबरीत, मळकट दिसणारी घ्या, घरी धुऊन, वाळवून दळा. ग्लासभर पाण्यात अख्खं हळकुंड टाका, हलवू नका. लगेच पिवळाधमक रंग सुटला तर शंका घ्या. ही घरची परीक्षा आहे, पक्कं उत्तर प्रयोगशाळाच देते. आणि लेकराच्या अंगात शिसं असल्याची शंका असेल तर हळदीच्या पाण्यावर बसू नका. सरळ डॉक्टरला दाखवा, रक्त तपासा. शिसं काढायची खरी औषधं दवाखान्यात असतात.

पुतणीला मी शेवटी एवढंच म्हटलं. हळदीत शिसं धरायची सांडशी आहे हे खरं. पण ती चिमुकली आहे, आणि आपण फावड्यानं शिसं ओतत असलो तर तिनं काय करावं?

ती म्हणाली, "काका, मग २०१४ च्या त्या हळदीचं काय?"

तिचं काय, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. ती खाल्ली गेली. या वर्षी माझी सात-आठ क्विंटल होईल. वरून काही न लावलेली, फिक्की दिसेल. मायची दोन पायल्या याच ढिगातून निघेल, वेगळी नाही.

तुमच्या भागात हळद कशी घोटतात, ढोलात काय टाकतात, खरं खरं सांगा. लाजू नका, मी आधी सांगून बसलो आहे.